दोनशे बाराव्या ओळीवरची खूण

मित्रांनो, मी एक जुनी, पुसून टाकलेली खूण आहे. पुसलेल्यांनी बोलू नये असे म्हणतात. पण माझ्या मनात एक गोष्ट फार दिवसांपासून डाचते आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. आपली जीवनकहाणी सांगणारे बहुतेक जण छाती फुगवून सांगतात. माझी मला मान खाली घालूनच सांगावी लागेल.

मी दिसायला अगदी लहान. 'मेबी अनयूज्ड' हे इंग्रजीतले दोन शब्द, म्हणजे 'हे कदाचित वापरात येणार नाही'. मी कुठे राहते ते आधी सांगते. प्रत्येक संगणकाच्या पोटात एक मूळ प्रणाली राबत असते, तिला कर्नल म्हणतात. चित्रे, गाणी, खेळ सगळे वरवरचे. खालचा गाडा कर्नल ओढतो. हा कर्नल हजारो लहान लहान कामांचा बनलेला असतो. माणसे ती कामे ओळीओळीने लिहितात, आणि मग कंपायलर नावाचा एक कडक मास्तर ते सगळे लिखाण वाचून यंत्राला कळेल असे करून देतो. वाचता वाचता त्याची कुरकुर चालू असते. 'हे काम लिहून ठेवलेय खरे, पण त्याला कोणीच हाक मारत नाही. विसरलात की काय?' ही त्याची नेहमीची कुरकुर.

कधीकधी ती अगदी निष्कारण असते. तोच कर्नल बॅटरीवर डुलकी घेणाऱ्या यंत्रातही चालतो आणि विजेवर आठही प्रहर जाग्या असणाऱ्या यंत्रातही. जाग्या यंत्राला झोपेची कामे लागतील कशाला? अशा वेळी त्या कामाच्या कपाळावर मला लावतात. मला पाहिले की कंपायलर समजतो, लिहिणाऱ्याला हे ठाऊक आहे, आणि मुकाट पुढे जातो. माझ्या हजारो बहिणी जगभर हे काम इमानाने करतात. आमच्या कुळाला बट्टा लावला तो मी.

मला लिहिले ते स्फाक्स नावाच्या बंदरात, मासळीबाजाराच्या मागच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. तिथे अकरा माणसे मिळून मासेमारीच्या बोटींसाठी एक यंत्र बनवत होती. बोटीच्या तळात पाणी साचू लागले की बोंब ठोकायची, एवढेच त्याचे काम. नाव ठेवले होते हारिस, म्हणजे राखणदार. ही कल्पना दोरसाफची. कर्कन्ना बेटावरच्या क्रातेन गावची ही कोळ्याची पोर. पाण्यात बोट कशी हळूहळू जड होते आणि माणसाला ते किती उशिरा कळते, हे तिने लहानपणापासून ऐकले होते.

ऑफिसचे प्रमुख होते सी मुन्सिफ; 'सी' म्हणजे तिकडचे 'साहेब'. माणूस प्रेमळ, पण त्यांना एका गोष्टीचे वेड होते. काचेच्या भिंतीवर त्यांनी निळ्या शाईने मोठे शून्य काढले होते. कंपायलरने एकही इशारा दिलेला नाही, असा त्याचा अर्थ. शून्याखाली ते रोज दिवस मोजायचे. ज्याच्या ओळीमुळे ते शून्य मोडेल त्याने सगळ्यांना फ्रिकासे खाऊ घालायचे, हा तिथला कायदा. तळलेल्या पावात ट्यूना आणि अंडे भरलेले, अकरा जणांना अकरा.

रमजानचा गुरुवार होता. ऑफिस दोनला सुटायचे आणि दोरसाफला तीनची फेरीबोट गाठायची होती, कारण त्या दिवशी रोजा ती बाबांबरोबर सोडणार होती. तिने तळातल्या सेन्सरसाठी दोन कामे लिहिली होती. एक बॅटरी वाचवायला सेन्सरला निजवायचे, दुसरे त्याला उठवायचे. खाली एक छोटा तक्ता होता, त्यात दोन घरे. कोणाला कधी हाक मारायची हे कर्नलला त्या घरांतल्या नावांवरून कळते. दोरसाफने पहिल्या घरात निजवणाऱ्याचे नाव लिहिले, आणि तेवढ्यात फोन वाजला.

"पोरी, येताना ब्रिक तळायला मलसूकाचे पापुद्रे आण," तिचे बाबा सांगत होते. "इथल्या दुकानात सगळे तुकडे तुकडे झालेत. आणि बोट चुकवू नकोस, तुझी आई रडकुंडीला येते मग."

"आणते बाबा. निघतेच आहे."

फोन ठेवून ती पुन्हा पडद्याकडे वळली, आणि दुसरे घर रिकामेच राहिले. तिला वाटले, दोन्ही लिहून झाली. तिने टेबलावरच्या सर्किट बोर्डासाठी कंपायलर चालवला. तो बोर्ड भिंतीतल्या विजेवर चालणारा, अखंड जागा. त्याच्यात झोपेचा तक्ता मुळी घेतलाच जात नाही. त्यामुळे कंपायलर दोनदा कुरकुरला, एकदा निजवणाऱ्यासाठी आणि एकदा उठवणाऱ्यासाठी.

शेजारच्या टेबलावरच्या नौफेलला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "बिस्मिल्ला. ईद झाली की अकरा फ्रिकासे, दोरसाफ. माझ्यात ट्यूना जास्त घाल, बटाट्यावर बोळवण करू नकोस."

"गप रे. हा बोर्ड जागाच असतो, याला झोप ठाऊकच नाही. म्हणून बोंबलतोय तो."

सी मुन्सिफ अंगात कोट चढवत मागे येऊन उभे राहिले. "मग खूण लाव आणि सुट. पावणेदोन झाले. माझं शून्य ईदपर्यंत टिकलं पाहिजे."

"दोन्हींवर लावू?"

"दोन्ही ओरडतायत ना? मग दोन्हींवर. विचारायचं काय त्यात."

तिने दोनशे चारव्या ओळीवर माझ्या जुळ्या बहिणीला लिहिले, आणि दोनशे बाराव्या ओळीवर मला. कुरकुर थांबली. दोरसाफ जिना उतरली आणि तिला फेरीबोट मिळाली.

इथपर्यंत माझा काही दोष नव्हता, असे मी स्वतःला पुष्कळदा समजावले आहे. माझा दोष पुढचा. ईदनंतर खऱ्या बोटींसाठी हारिसचा कर्नल तयार करायला घेतला. आता झोप होती, तक्ताही होता. कंपायलर वाचत वाचत दोनशे चारव्या ओळीवर आला. ते काम तक्त्यात होते, त्याला हाक मारणारे होते, म्हणून माझी बहीण नुसती उभी राहिली आणि तो पुढे गेला. मग तो माझ्यापाशी आला. त्याने तक्ता पाहिला, सगळे लिखाण पाहिले. उठवणाऱ्या कामाला कोणीच हाक मारत नव्हते. त्याने बोलायला तोंड उघडले आणि त्याची नजर माझ्यावर पडली. 'ठाऊक आहे त्यांना,' मी म्हणाले. मित्रांनो, ते खोटे होते. त्यांना ठाऊक नव्हते. सबंध ऑफिसात ते एकट्या त्यालाच दिसले होते, आणि त्याला मी गप्प बसवले.

नंतर हारिसची तपासणी झाली. सेन्सर बादलीत बुडवला, हारिस बोंबलला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याला चार दिवस झोपवून ठेवले, बॅटरी टिकली, पुन्हा टाळ्या. पण झोपून उठलेल्या हारिसचा सेन्सर बादलीत बुडवून कोणी पाहिला नाही. राजधानी ट्युनिसहून पाहुणे आले तेव्हा सी मुन्सिफांनी त्यांना ते शून्य दाखवले. खाली दोनशे तेरा दिवस लिहिले होते. पाहुणे म्हणाले, इतके स्वच्छ काम आम्ही कुठे पाहिले नाही. आणि मी निर्लज्जासारखी फुगले. त्या शून्यात माझाही वाटा आहे, असे मला वाटले. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि झाकणारी मी.

बेटावरच्या एकेचाळीस बोटींवर हारिस बसला. पहिला बसला तो दोरसाफच्या बाबांच्या बोटीवर. खमायस त्यांचे नाव. पोरीने केलेले यंत्र म्हणून ते बंदरावर ज्याला त्याला बोलावून त्याचा हिरवा दिवा दाखवायचे.

मी यंत्रात उतरत नाही. मी फक्त लिहिणाऱ्यांच्या ओळींत असते. त्यामुळे डिसेंबरातल्या त्या सोमवारी मी समुद्रावर नव्हते. जे झाले ते मला पडद्यासमोर बसलेल्या दोरसाफच्या तोंडून कळले. बुडणाऱ्याच्या जवळसुद्धा मी नव्हते, याचीही मला लाज वाटते.

बाबा उथळ पाण्यात झावळ्या रोवून केलेल्या माशांच्या कोंडवाड्यापाशी गेले होते. इंजिन बंद करून तीन तास ते जाळी काढत बसले. इंजिन बंद म्हणून हारिस ठरल्याप्रमाणे झोपला, सेन्सरही झोपला. पंख्याचा दांडा तळातून जिथे बाहेर येतो तिथून पाणी झिरपू लागले. परत निघताना बाबांनी इंजिन सुरू केले. हारिस उठला. सेन्सरला कोणी उठवलेच नाही. पाण्याची काही खबर नाही, म्हणजे पाणी नाही, असे समजून हारिसने हिरवा दिवा लावला. दोन गावांमधल्या खोल खाडीत बोटीची मागची बाजू खाली गेली, इंजिन बुडाले, आणि पाच मिनिटांत बोट बाबांच्या पायाखालून निघून गेली. ते रिकाम्या कॅनला धरून सव्वा तास गार पाण्यात होते. दुसऱ्या एका बोटीने त्यांना उचलले. छातीत कफ भरला, आवाज बसला, पण जीव वाचला.

दोरसाफ ऑफिसात परतली तेव्हा सगळे तिच्याभोवती जमले.

"मिठानं खाल्ला असणार सेन्सर," सी मुन्सिफ म्हणाले. "तो बाहेरून विकत घेतलेला. आपल्या लिखाणात खोट नाही. कंपायलर एका अक्षराने बोललेला नाही."

"मीठ लोखंडाला सोडत नाही, सेन्सर काय चीज आहे," नौफेल म्हणाला.

दोरसाफने ते पटकन मानले. बुडत्याला काडीचा आधार. मी तिथेच होते, मला सगळे ठाऊक होते, आणि मला तोंड नव्हते. दुसऱ्याचे तोंड बंद करण्यापुरतीच मी जन्मले होते.

पुढच्या सोमवारी बोट वर काढली आणि सेन्सर ऑफिसात आला. दोरसाफने तो पाण्याच्या ग्लासात बुडवला. तो एकदम ठणठणीत चालला. तिचा चेहरा उतरला. मग तिने सगळे लिखाण पुन्हा वाचायला घेतले. वीस वेळा तिची नजर माझ्यावरून गेली असेल, पण मला कोणी वाचत नाही. शेवटी ती वैतागून म्हणाली, "याला काय काय म्हणायचंय ते सगळं म्हणू दे." तिने त्या लिखाणातल्या सगळ्या खुणा पुसल्या, मलाही पुसले, आणि बोटीच्या कर्नलसाठी कंपायलर चालवला. त्याने एकच वाक्य लिहिले. दोनशे बारावी ओळ, हे काम लिहिलेले आहे पण त्याला कोणी हाक मारत नाही.

दोरसाफने तक्त्यातले रिकामे घर पाहिले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकले.

सी मुन्सिफांनी तिला आतल्या खोलीत नेले. लॅपटॉप तिच्या हातात उघडाच होता, म्हणून मला ऐकू आले.

"घर भर, नवीन कर्नल दे आणि पाटीवर लिही, साधारण सुधारणा. बंदरावरच्या दुकानात यंत्र आणून बदलून न्या म्हणावं. बस."

"साधारण सुधारणेसाठी कोण येणार, सी मुन्सिफ? ऑक्टोपसचा हंगाम आहे. एक दिवस कोणी बुडवणार नाही. खरं सांगितलं तरच येतील."

"खरं सांगितलं तर एकेचाळीसच्या एकेचाळीस यंत्रं पाण्यात फेकतील. मग या ऑफिसला कुलूप. इथे अकरा घरं आहेत, बेटा. सांगून तुझ्या बाबांची बोट पुन्हा चालती होणार आहे का?"

 मित्रांनो, तिने पाटी लावली. साधारण सुधारणा. मंगळवारी एक जण आला, बुधवारी एक. बाकी सगळे त्या हिरव्या दिव्यावर भरवसा ठेवून समुद्रावर जात राहिले. कंपायलरला मी गप्प केले होते, आता दोरसाफने स्वतःला केले. हे तिला शिकवले कोणी, असा प्रश्न मला तेव्हा पडला. उत्तर मला ठाऊक होते.

गुरुवारी ती सकाळच्या फेरीबोटीने क्रातेनला घरी गेली. बाबा दोन घोंगड्या पांघरून बसले होते. उशाशी बोटींशी बोलायचा रेडिओ चालू होता, कारण समुद्रावरच्या मित्रांचे बोलणे ऐकल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे. दोरसाफने लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. पुसलेली ओळ लाल पट्टीत दाखवतात. त्या लाल पट्टीत मी होते.

"बाबा, सेन्सर मिठाने खाल्ला नव्हता."

"मग?"

"सेन्सरला उठवायचं नाव मी लिहायला विसरले. कंपायलर ते सांगणार होता. ही लाल ओळ दिसते ना, ही लावून मी त्याला गप्प केलं."

बाबांना इंग्रजी येत नव्हते. त्यांनी वाकून माझ्यावर बोट ठेवले. त्या बोटाचे नख काळे पडले होते. "एवढीशी?"

"एवढीशीच."

"आणि मी कॉफीच्या दुकानात शपथा घेतोय मिठाच्या नावाने. पोरीचा दोष नाही म्हणून बंदरावरच्या सी जलूलशी हातघाईवर आलो." ते खोकले. "तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज गुरुवार."

"हो बाबा."

"माझी बोट गेली ती मी पचवीन. लाकूडच होतं ते. पण सोमवारपासून माणसं रोज त्या दिव्याकडे बघून खाडी ओलांडतायत. आणि तू काय करत होतीस?"

"मला घास गेला नाही तीन दिवस."

"त्याचा त्यांना काय उपयोग?"

  बाबांनी रेडिओचा माइक उचलून तिच्यापुढे धरला.

"तुम्ही सांगा ना बाबा. तुमचं ऐकतील."

"मी सांगायचं ते मीठ सांगून बसलोय. आता तू."

तिने माइक घेतला. "मी क्रातेनच्या खमायसची मुलगी, दोरसाफ. हारिसच्या आतलं लिखाण माझं आहे. इंजिन दोन तास बंद राहिलं की तो झोपतो, आणि उठल्यावर बहिरा असतो. हिरवा दिवा खोटा आहे. बाबांची बोट माझ्या चुकीने बुडाली. दिव्याकडे बघू नका. आत्ता तळ बघा."

रेडिओ खरखरला. मग कोणीतरी म्हणाले, "शाबास. आणि हे आज आठवलं होय?" दुसरा एक जण म्हणाला, "तळ कोरडा आहे. पण यंत्र आधी समुद्रात फेकतो." मग सी जलूलांचा जाडा आवाज आला, "खमायस, मिठावरून मला गाढव म्हणालास, ते परत घे."

"घेतो. उद्या दुकानात सगळ्यांसमोर घेतो," बाबा म्हणाले.

मग एक धापा टाकणारा आवाज आला. "हातेम बोलतोय. इथे घोट्याच्या वर पाणी आहे. दिवा हिरवाच आहे." मागे लहान मुलासारखे कोणी काही विचारत होते. "पुतण्या आहे बरोबर. पंप लावलाय."

बाबा घोंगड्या टाकून उभे राहिले. "खाडीच्या अलीकडे आहेस की पलीकडे?"

"अलीकडे. ओलांडणारच होतो."

"ओलांडू नकोस. फिर मागे. उथळात घाल बोट, रुतली तरी चालेल."

दोरसाफ जमिनीवर बसली आणि हुंदके देऊन रडू लागली. बाबांनी तिला उठवले नाही की तिच्या पाठीवर हातही ठेवला नाही. ते हातेमशी बोलत राहिले, त्याची बोट वाळूला टेकेपर्यंत.

पुढच्या दोन दिवसांत सगळी यंत्रे परत आली. काही बदलून गेली, काही लोकांनी कायमची परत केली. सी मुन्सिफ महिनाभर दोरसाफशी कामापुरतेच बोलले. ऑफिसला कुलूप लागले नाही, पण अकरातले चार जण गेले, आणि त्यांत नौफेलही होता. शून्य मात्र सी मुन्सिफांनी स्वतःच्या रुमालाने पुसले आणि पुन्हा काढले नाही.

माझ्या बहिणीला दोरसाफने पुन्हा लावले, आणि ती दोनशे चारव्या ओळीवर मानाने उभी आहे. मी जुन्या नोंदींत आहे. तिथे पुसलेलेही कायम दिसते, लावणाऱ्याच्या नावासकट. नवी माणसे येतात तेव्हा दोरसाफ त्यांना मुद्दाम माझ्यापाशी आणते आणि म्हणते, ही मी लावली होती. तिने ते मान वर करून म्हटलेले मी कधी ऐकले नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले काही जण कर्नलही लिहितील. कुरकुर करणाऱ्याचा राग येईल तेव्हा आमच्यापैकी एखादीला बोलवा, आम्ही येऊ. आमचे कामच ते. पण आम्हाला लावताना शेजारी एक ओळ लिहा, की याला कधी हाक मारली जाते आणि कधी नाही. माझ्या बहिणीशेजारी दोरसाफने आता ती लिहिली आहे. माझ्याशेजारी त्या रमजानच्या गुरुवारी लिहिली असती तर एक मिनिट गेले असते, तिला फेरीबोटही मिळाली असती. आणि ती लिहिण्यासाठी तिला एकदा तरी तक्त्याकडे बघावे लागले असते.